अंगणाखालचा पाइप कोणाचा? अमेरिकेतील घराचा विमा आणि जमिनीखालच्या लाइन



विमा म्हटलं की आपण आयुर्विमा, आरोग्यविमा आणि गाडीचा विमा यावरच थांबतो. घराचा विमा आपल्याकडे अजून फार जण काढत नाहीत. अमेरिकेत मात्र कर्ज काढून घर घ्यायचं तर बँक आधी विम्याचा कागद मागते. आपल्यातल्या कितीतरी पालकांची मुलं तिकडे घरं घेताहेत आणि फोनवर सांगतात, "बाबा, घराचा विमा आहे, काळजी करू नका." ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फक्त अंगणाखालून जाणाऱ्या पाइपांना ते बहुतेक वेळा लागू पडत नाही, आणि हे कळतं तेव्हा अंगण खणलेलं असतं.

आधी हे पाइप कोणते ते पाहू. रस्त्याखाली नगरपालिकेची पाण्याची मुख्य वाहिनी असते. तिथून घरापर्यंत येणारी बारीक लाइन म्हणजे सर्व्हिस लाइन. घरातलं सगळं सांडपाणी रस्त्याखालच्या गटारवाहिनीपर्यंत नेणारी लाइन वेगळी. पाणी दाबाने येतं, पण सांडपाणी केवळ उतारावर वाहत जातं. त्यासाठी साधारण दर फुटाला पाव इंच उतार धरतात. (सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित जरूर घाला: लाइन ६० फूट लांब असेल तर दुसरं टोक किती खाली हवं? १५ इंच.) जमीन थोडी खचली, पाइपला मध्येच पोक आला, की हा उतार मोडतो, घाण तिथे साठते आणि लाइन तुंबते.

आता हा पाइप कोणाचा? आपल्याला वाटतं, कुंपणाच्या आतला आपला आणि बाहेरचा सरकारचा. काही शहरांत तसं आहेही. पण न्यूयॉर्क शहरात पाणी आणि सांडपाणी या दोन्ही लाइन थेट रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीला जोडेपर्यंत घरमालकाच्याच मानल्या जातात. म्हणजे फुटपाथ आणि रस्ता शहराचा, पण त्याखालचा तुमचा पाइप फुटला तर रस्ता खणण्याचा आणि पुन्हा बुजवण्याचा खर्च तुमचा. प्रत्येक गावाचा नियम वेगळा असल्यामुळे घर घेणाऱ्याने हा प्रश्न पाणीखात्याला विचारलाच पाहिजे.

मग विमा कुठे कमी पडतो? तिथली नेहमीची घराची पॉलिसी अचानक झालेल्या अपघाती नुकसानासाठी असते. आग, वादळ, घरातला पाइप अचानक फुटणं वगैरे. झीज, गंज, जमीन हळूहळू सरकणं या गोष्टी त्यात स्पष्टपणे वगळलेल्या असतात. आणि जमिनीखालचा पाइप बहुधा मरतो तो नेमका याच कारणांनी! झाडाची मुळं ओलाव्याच्या शोधात जुन्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून आत शिरतात. लोखंडी पाइप आतून गंजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या पुष्कळ घरांत 'ऑरेंजबर्ग' नावाचे पाइप घातले गेले. ते लाकडाच्या लगद्याचे, डांबरात भिजवलेले. कालांतराने ते दबून चपटे होतात. विमा कंपनीच्या लेखी हा अपघात नाही, हे म्हातारपण आहे.

यासाठी मूळ पॉलिसीला एक जोड घेता येते, तिचं नाव सर्व्हिस लाइन कव्हरेज. वर्षाला साधारण २० ते ५० डॉलर जादा भरून १०,००० डॉलरपर्यंतचं संरक्षण मिळतं. काही कंपन्या जास्तही देतात. बिलातले पहिले ५०० डॉलर बहुधा स्वतः भरावे लागतात. समजा दुरुस्तीला ९,००० डॉलर लागले, तर कंपनी ८,५०० देईल. १४,००० लागले तर १०,००० मिळतील आणि उरलेले ४,००० आपले. या जोडीत झीज, गंज आणि झाडाची मुळं ही कारणंही धरलेली असतात, हेच तिचं खरं मोल. शिवाय खणण्याचा आणि नंतर अंगण, फरशी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यात येतो. पाइप स्वस्त असतो हो, महाग असतं ते खणणं.

इथे एक गोंधळ हमखास होतो, म्हणून जरा सावकाश वाचा. 'वॉटर बॅकअप' नावाची आणखी एक जोड असते आणि लोक दोन्ही एकच समजतात. लाइन तुंबून सांडपाणी उलटं तळघरात शिरलं, गालिचे, भिंती, सामान खराब झालं, तर ते नुकसान बॅकअपच्या जोडीत येतं. तुंबलेला पाइप दुरुस्त करणं सर्व्हिस लाइनच्या जोडीत. एकाच दिवशी, एकाच कारणाने दोन्ही नुकसानं होऊ शकतात. एकच जोड असेल तर अर्धं बिल आपल्या माथी. आणि नदीचा किंवा पावसाचा पूर आला तर यातलं काहीच चालत नाही, त्यासाठी पुराचा विमा वेगळा.

शिसं हा प्रश्न आणखी निराळा. अमेरिकेत नव्या नळजोडणीत शिशाच्या पाइपांवर १९८६ मध्ये बंदी आली, पण जुने पाइप जमिनीत तसेच राहिले. फ्लिंट शहरात २०१४ पासून जे घडलं त्याने हा विषय जगासमोर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने बहुतेक ठिकाणचे असे पाइप दहा वर्षांत बदलायचा नियम केला. मात्र धडधाकट वाहणारा शिशाचा पाइप बदलून द्या म्हणून विमा कंपनीकडे जाता येत नाही, कारण तो तुटलेला नाही. घरात लहान मूल असेल तर ही चौकशी नगरपालिकेकडे करावी.

घरमालकांना टपालाने पत्रंही येतात, 'तुमच्या लाइनची हमी घ्या' म्हणून. कधी त्यावर शहराचं नाव असतं, त्यामुळे पत्र सरकारी वाटतं. बहुतेकदा ती खासगी कंपनीची दुरुस्तीची योजना असते, विमा नव्हे. वाईटच असते असं नाही, पण सुरुवातीचे काही दिवस दावा करता येत नाही आणि महिन्याचा हप्ता वर्षाला गुणला तर पॉलिसीतली जोड पुष्कळदा स्वस्त पडते.

माझं मत विचाराल तर, घर पन्नास वर्षांचं असेल आणि अंगणात मोठं झाड असेल तर ही जोड डोळे झाकून घ्यावी. नवं घर, प्लास्टिकचे पाइप, छोटं अंगण असेल तर घाई नाही. सोसायटीतला फ्लॅट असेल तर बाहेरच्या लाइन सहसा सगळ्यांच्या मिळून असतात, आधी तिथले नियम वाचावेत. आणि जुनं घर विकत घेण्यापूर्वी सांडपाण्याच्या लाइनमध्ये कॅमेरा सोडून पाहून घ्यावं. घराच्या नेहमीच्या तपासणीत हे सहसा नसतं, वेगळे पैसे देऊन सांगावं लागतं.

आपल्याकडचं काय? १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून झालेलं नुकसान येतं, सेप्टिक टँकही इमारतीचा भाग धरला आहे. झीज मात्र इथेही वगळलेली आहे. आणि गृहनिर्माण सोसायटीत बाहेरच्या पाण्याच्या लाइन, ड्रेनेज, सेप्टिक टँक यांची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने करायची असते. स्वतंत्र बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर तो भार एकट्या मालकावर.

वर्गात घेण्यासारखं अजून एक आहे. अमेरिकेत कुठेही खणण्याआधी ८११ या नंबरवर फोन करायचा असतो. मग संबंधित कंपन्यांची माणसं फुकट येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा, विजेला लाल, गॅसला पिवळा, टेलिफोन-इंटरनेटला नारिंगी. पण मालकाच्या स्वतःच्या लाइनवर बऱ्याच ठिकाणी कोणी खूण करत नाही, ती त्यानेच शोधायची. मुलांना शाळेच्या किंवा घराच्या आवाराचा नकाशा काढायला सांगा आणि याच रंगांनी टाकी ते नळ आणि मोरी ते गटार अशा रेघा मारायला लावा. कुठली रेघ नेमकी कुठून जाते, हे घरातल्या मोठ्यांना विचारूनच त्यांना भरावं लागेल.