एक स्विच, चार नेटवर्क

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी मध्यम फाउंड्री घ्या. अकाउंट्सचे संगणक, सीएनसी मशीन, भट्टीचा कंट्रोलर, गेटवरचे कॅमेरे, पाहुण्यांचा वायफाय अशा सगळ्यांच्या वायरी एकाच स्विचमध्ये येतात. काम सुरळीत चालते, त्यामुळे त्यातला धोका कोणाच्या लक्षात येत नाही.

स्विच प्रत्येक यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लक्षात ठेवतो आणि डेटा नेमक्या पोर्टवर पाठवतो. पण ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असे प्रश्न यंत्रे सर्वांनाच विचारतात. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. यंत्रे वाढतात तसा हा गोंगाट वाढतो. शिवाय एका लॅपटॉपमध्ये शिरलेल्या व्हायरसला कंट्रोलरपर्यंतची वाट मोकळी मिळते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस असाच यंत्रायंत्रांतून पसरत जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहात शिरला आणि त्या समूहाच्या जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

यावरचा एक उपाय म्हणजे व्हीलॅन. एकाच स्विचची पोर्ट गटांत वाटली, की एका गटाचे ब्रॉडकास्ट दुसऱ्या गटात जात नाही. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकानुसार फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पुडक्यात, ४ बाइटचा टॅग घातला जातो. त्यातले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. त्यांतून ४,०९६ क्रमांक तयार होतात आणि दोन राखीव वगळता ४,०९४ वापरता येतात.

फाउंड्रीला चार पुरतात : १० ऑफिस, २० मशीन, ३० कॅमेरे, ४० पाहुणे. प्रत्येकाला वेगळी आयपी मालिका द्यावी. संगणक किंवा कॅमेरा जोडलेले पोर्ट एकाच व्हीलॅनचे, म्हणजे ‘ॲक्सेस’ असते. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणून लांबच्या शेडमध्ये दुसरा स्विच लागतो. दोन स्विचमधली जोडणी ‘ट्रंक’ असते. तिच्यावरून सगळे व्हीलॅन टॅगसह जातात. टॅग नसलेल्या फ्रेम कोणत्या व्हीलॅनच्या मानायच्या, हे दोन्ही टोकांना सारखेच हवे. रिकामी पोर्ट बंद ठेवावीत. ज्या पोर्टवरून आपण स्विच हाताळतो, ते सर्वांत शेवटी बदलावे, नाहीतर आपणच बाहेर अडकतो. अनेक स्विचमध्ये बदल मुद्दाम सेव्ह करावे लागतात. ते राहिले, तर वीज जाताच सगळी मेहनत पुसली जाते.

तरीही काम अर्धेच झालेले असते. व्हीलॅन राउटरने जोडले आणि नियम लावले नाहीत, तर पुन्हा सगळे सगळ्यांशी बोलू लागतात. कॅमेऱ्यांनी फक्त रेकॉर्डरशी बोलावे, पाहुण्यांना फक्त इंटरनेट मिळावे, मशीनकडून उत्पादनाचे आकडे ऑफिसच्या एका ठरलेल्या सर्व्हरलाच जावेत, हे फायरवॉलमध्ये लिहावे लागते.

कमांड नेटवर्कवाला टाकेल. पण कोणत्या मशीनला कोणाशी बोलायची खरोखर गरज आहे, हे शॉपवरच्या सुपरवायझरला आणि अकाउंट्सच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून स्विचला हात लावण्याआधी या तिघांनी एकत्र बसून त्याचा आराखडा कागदावर काढायला हवा.