शिळी भाकरी फ्रेंचमध्ये!

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या पुस्तकातून चार फ्रेंच वाक्यं मी वर्गात गंमत म्हणून शिकवत होते. "ज ब्वा द्यू ते", म्हणजे मी चहा पिते. यातला 'द्यू' म्हणजे थोडासा. जगातला सगळा चहा आपण थोडाच पितो! पावाला ते 'पँ' म्हणतात. आपला 'पाव' पोर्तुगिजांकडून आला, पण दोघांची लॅटिन आजी एकच बरं का!

तेवढ्यात एक मुलगी पुटपुटली, "बाई, आम्ही सकाळी शिळी भाकरी खातो. ते सांगायचं का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. परभणी म्हणजे ज्वारीचा मुलूख! मी फळ्यावर लिहिलं, "ज मांज युन गालेत द सॉर्गो." गालेत म्हणजे चपटी, गोल पोळी, सॉर्गो म्हणजे ज्वारी. आणि शिळ्याचं म्हणाल, तर फ्रान्समध्येही शिळा पाव टाकत नाहीत. दूध-अंड्यात बुडवून लोण्यावर परततात. नाव काय, तर 'पँ पेर्द्यू', हरवलेला पाव! आपल्या फोडणीच्या भाकरीची बहीणच की.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी दारातूनच ओरडली, "बाई, ज मांज युन गालेत! पण लसणाच्या चटणीला काय म्हणायचं?"