मांडवीतील जुगार आणि जामबागेतील घर

हैदराबादेतील जामबाग हा भाग आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिलेला नसेल. कोठीच्या बाजारपेठेला लागून असलेली ही जुनी वस्ती. सकाळी फुलांच्या दुकानांपुढे झेंडूच्या राशी पडलेल्या असतात, आणि त्यांच्यामधून वाट काढीत शाळेची मुले जात असतात. विवेक वर्धिनी ही निजामाच्या काळात मराठी मंडळींनी काढलेली शिक्षणसंस्था येथेच असल्यामुळे तेलुगू व दक्खनी उर्दूच्या गलबल्यातही मधूनच मराठी शब्द कानी पडतो आणि परगावच्या माणसाला हायसे वाटते. तेथे एका निवृत्त मास्तरांकडे आम्ही चार दिवस उतरलो होतो. घर तीन पिढ्यांचे, माणसे साधी, पाहुणचार मनापासूनचा. तथापि दुसऱ्याच दिवशी आमच्या ध्यानात आले की घरात काहीतरी बिनसले आहे.

मास्तरांचा पुतण्या जवळच एक लहानसे दुकान चालवितो. त्याने मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी चिट उचलली होती. चिट म्हणजे आपल्याकडील भिशीचेच भावंड. दरमहा सर्वांनी पैसे भरावयाचे, गरज असेल त्याने सूट सोसून रक्कम आधी उचलावयाची आणि पुढे मुदत संपेपर्यंत हप्ते भरीत राहावयाचे. फी भरावयास तीन आठवडे अवकाश होता. मध्यंतरी दुकानदार मित्रांसमवेत तो रात्रीच्या बसने गोव्यास गेला आणि पणजीच्या कॅसिनो जहाजावर दोन रात्री बसला.

“काका, पहिल्या रात्री चाळीस हजार जिंकलो होतो,” तो मान खाली घालून सांगत होता.

“आणि दुसऱ्या रात्री?” मास्तरांनी विचारले. त्यावर तो काही बोलला नाही.

हे पैसे अखेर गेले कोठे, असे आम्ही सहज विचारले. “गोवा सरकारच्या तिजोरीत,” तो कडवट हसून म्हणाला. उत्तर अर्धेच खरे होते. पण त्या अर्ध्या खऱ्याने आम्हांस विचारात पाडले. सरकारी अंदाजपत्रकात ‘महसूल वाढला’ असे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. तो वाढलेला महसूल कोणाच्या घरातून निघतो, हे आम्ही त्या दिवशी जामबागेत समोर बसलेले पाहिले.

गोव्याची गोष्ट मुळापासून सांगावयास हवी. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे हे पूर्वेकडील तालुके लोहखनिजाचे. पोर्तुगीज अमदानीत मिळालेल्या सवलतींवर येथे खाणी सुरू झाल्या. माल आधी जपानला आणि पुढे चीनला जाऊ लागला. डोंगर फोडून काढलेले खनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यावर आणावयाचे, तेथून बार्जमध्ये भरून मांडवी आणि जुवारी नद्यांतून मुरगाव बंदराकडे न्यावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पणजीच्या काठावर उभे राहिले की लाल मातीने भरलेली बार्ज एकामागून एक जाताना दिसत. चीनची मागणी वाढून भाव चढले, तेव्हा खेडोपाडीच्या लोकांनी शेती बाजूला ठेवून कर्जाने ट्रक घेतले. घरांवर धूळ बसली, विहिरी आटल्या, शेतांत चिखल उतरला. पण पैसा येत होता, म्हणून पुष्कळांनी सोसले.

न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा खाणकामावर बोट ठेवल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठविण्यात आली. काम पुन्हा रुळावर येते न येते तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून सारे पुन्हा थंडावले. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या एका पट्ट्यात काम चालूही झाले, परंतु पूर्वीची वर्दळ काही परतली नाही. अंगणात उभ्या ट्रकच्या चाकांभोवती गवत वाढावे आणि बँकेचा हप्ता मात्र थांबू नये, ही स्थिती त्या गावांनी वर्षानुवर्षे भोगली.

आता दुसरी बाजू. गोव्याचा १९७६ चा जुगारविषयक कायदा मुळात बंदीचाच आहे. त्या बंदीत १९९२ साली एक खिडकी उघडण्यात आली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरील जुगारास मुभा मिळाली. १९९६ साली दुसरी खिडकी उघडली. पाण्यावरील जहाजांत पत्ते, चक्र इत्यादी टेबलावरचे खेळही चालतील असे ठरले. २००१ च्या सुमारास पहिले जहाज मांडवीत उभे राहिले. आज अशी सहा जहाजे आहेत, आणि ज्या प्रवाहातून खनिजाची बार्ज जात, त्याच प्रवाहात रात्रभर त्यांचे दिवे लुकलुकत असतात. म्हणजे कॅसिनो खाणी बंद पडण्याच्या आधीपासूनच होते. खाणी बंद पडल्या म्हणून ते आले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण खनिजाचे उत्पन्न आटल्यावर या उत्पन्नाची सवय सोडणे कोणत्याही सरकारला अधिकच अवघड झाले, असे आमचे मत आहे. जहाजे मांडवीतून हलविण्याच्या घोषणा किती वेळा झाल्या याची मोजदाद नको. प्रत्येक वेळी मुदत वाढत गेली. गोव्याच्या ख्रिस्तसभेच्या सामाजिक न्याय व शांती मंडळाने आणि अनेक स्त्री-संघटनांनी विरोध केला, मोर्चे निघाले. जहाजे आहेत तेथेच आहेत.

कारण उघड आहे. २०१८ मध्ये जहाजाचा वार्षिक परवाना त्याच्या आकारमानाप्रमाणे २५ कोटींपासून ४० कोटी रुपयांपर्यंत नेण्यात आला. शिवाय वस्तू व सेवा कर. ऑक्टोबर २०२३ पासून तो शेकडा २८ या दराने, विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर बसू लागला (चिप्स म्हणजे नाण्याऐवजी वापरावयाच्या चकत्या), आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर तो शेकडा ४० झाला. या करातील निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. एवढे उत्पन्न एका जागी उभ्या असलेल्या सहा जहाजांतून मिळत असेल, तर ते नाकारणारा अर्थमंत्री विरळाच.

परंतु या साऱ्या नियमांत आम्हांस सर्वांत बोलका वाटला तो वेगळाच. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत जाण्यास मनाई आहे. पर्यटकाने जावे, गोव्याच्या माणसाने जाऊ नये! आपल्या लेकरांना जे विष वाटते ते शेजाऱ्याच्या लेकरांना विकावयाचे, असा याचा अर्थ कोणी लावला तर त्याला काय उत्तर द्यावे? तेलंगण सरकारने २०१७ साली कायदा दुरुस्त करून पैसे लावून खेळावयाची ऑनलाइन रमीसुद्धा बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदी आणली. महाराष्ट्रात तर १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. एवढे दरवाजे लागले तरी जामबागेतील तरुणास गोव्याची एका रात्रीची बस पुरते.

या ‘महसुला’चे गणित एकदा कागदावर मांडून पाहू. आम्ही ते मास्तरांच्या ओसरीवर पुतण्यासमोरच मांडले. चक्राच्या खेळात शून्य धरून ३७ घरे असतात. एखाद्याने प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले तर ३,७०० रुपये झाले. चक्र कोठेही थांबो, जिंकलेल्या घराचे पसतीसपट आणि मूळचे शंभर मिळून ३,६०० परत येतात. शंभर रुपये मालकाकडे राहिले. ज्या चक्रावर दोन शून्ये असतात तेथे दोनशे राहतात. कोणी फसविले नाही, हात चलाखी नाही; फक्त चक्र फिरत राहिले पाहिजे. म्हणूनच जहाजावर जेवण, मद्य आणि नाचगाणे प्रवेशाच्या पैशांतच मिळते. पाहुणा टेबलापाशी जितका वेळ बसेल तितक्या वेळा ते शंभर रुपये गळत राहतात. पहिल्या रात्रीच्या चाळीस हजारांचे मोल इतकेच, की दुसऱ्या रात्री माणूस पुन्हा येतो.

खाणीची जागा जुगाराने घ्यावी हा प्रकार गोव्याने शोधून काढलेला नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डोंगरांत ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक अशी तीन गावे आहेत. पहिल्या दोहोंच्या परिसरात १८५९ साली सोने सापडले, क्रिपल क्रीकला १८९० नंतर. सोने संपत गेले, माणसे निघून गेली, जुन्या विटांच्या इमारती ओस पडल्या. त्या इमारती वाचाव्यात म्हणून नोव्हेंबर १९९० मध्ये मतदारांनी या तीन गावांपुरती जुगारास संमती दिली आणि १ ऑक्टोबर १९९१ रोजी खेळ सुरू झाला. पैज पाच डॉलरांहून मोठी लावावयाची नाही, असा दंडक होता. पाच डॉलरांनी कोणाचे काय बिघडणार, असे तेव्हा लोकांस वाटले असावे.

पुढचा आलेख पाहण्यासारखा आहे. तेथे उत्पन्न मोजतात ते लावलेल्या पैजांतून दिलेली बक्षिसे वजा करून. म्हणजे तो आकडा खेळणाऱ्यांच्या निव्वळ तोट्याचा. २००७ साली तो सुमारे ८२ कोटी डॉलर होता. २००८ मध्ये धूम्रपानबंदी आली, मंदी आली आणि तो सुमारे ७२ कोटींवर उतरला. उत्पन्न उतरताच मर्यादा चढली! जुलै २००९ पासून पैज शंभर डॉलरपर्यंत. २०२० च्या साथीत कॅसिनो तीन महिने बंद राहिले. त्याच वर्षी मतदारांनी मर्यादा ठरविण्याचा अधिकार गावांस दिला आणि मे २०२१ पासून मर्यादाच उरली नाही. त्यानंतर आकडा शंभर कोटी डॉलरांपलीकडे गेला. पाच डॉलरांचा निरुपद्रवी खेळ तीस वर्षांत येथवर आला.

आणि गावांचे काय झाले? सेंट्रल सिटी हे जुने, मानाचे गाव, तेथे १८७८ चे संगीतगृह आहे. पण डेन्वर शहराकडून येणाऱ्यास वाटेत आधी ब्लॅक हॉक लागे, आणि तो तेथेच थांबे. म्हणून सेंट्रल सिटीने सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर खर्चून २००४ मध्ये स्वतःचा वेगळा रस्ता बांधला, तरी मोठा घास ब्लॅक हॉकच्याच पानात पडतो. त्या ब्लॅक हॉकची २०२० च्या जनगणनेतील लोकसंख्या १२७! आमच्या एखाद्या वाडीत याहून अधिक माणसे असतात. इमारतींची किंमत इतकी वाढली की वाण्याचे दुकान चालविण्यापेक्षा ते कॅसिनोस विकणे परवडले, आणि रोजच्या सामानासाठी लोकांस दूर जावे लागू लागले.

तरी कोलोरॅडोच्या पदरात एक पुण्य घातलेच पाहिजे. तेथे कायद्यानेच वाटणी ठरविली. मूळ तरतुदीप्रमाणे खर्च वजा जाता कराच्या उत्पन्नातील शेकडा १० त्या तीन गावांस, १२ त्यांच्या दोन जिल्ह्यांस आणि २८ राज्यभरच्या ऐतिहासिक वास्तूंच्या जतनास. उरलेले निम्मे राज्याकडे. २००९ नंतर वाढलेल्या उत्पन्नाचा मोठा भाग महाविद्यालयांकडे वळविला. ज्या डोंगराने सोने दिले त्याचा हक्क तेवढा तरी मानला गेला. गोव्यात परवान्याचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो. डिचोली-सत्तरीच्या ट्रकवाल्याचे त्यात नाव नाही. खनिजाच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात विक्रीच्या रकमेतील शेकडा १० पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले होते. जमिनीतून निघालेल्या मालाचा असा हिशेब ठेवता येतो, मग माणसांच्या खिशांतून निघालेल्याचा का ठेवता येऊ नये, हा प्रश्न आम्ही तेथील लोकप्रतिनिधींपुढे ठेवतो. अर्थात वाटणी नीट झाल्याने जामबागेतील फी परत येणार नाही, हेही आम्ही जाणतो.

ती फी अखेर मास्तरांनी आपल्या ठेवीतून भरली. याबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. मुलगी मात्र आमच्यासमोर वडिलांशी बोलताना नजर चुकवीत होती.

आम्ही निघावयाच्या दिवशी सकाळी चहा घेत असता पुतण्याच्या फोनवर संदेश आला. त्याच जहाजाचा होता; जुन्या पाहुण्यांस सणानिमित्त दोन रात्रींचे राहणे व जेवण विनामूल्य. त्याने तो लपविला नाही, आम्हांस दाखविला. त्याची पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पुढे येऊन फोन त्याच्या हातातून घेतला, संदेश पुसला, आणि त्याच जागी हिशेबाची वही आणून ठेवली. चिटचे अजून चौदा हप्ते राहिले होते.