त्यांना माय नव्हती

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षाची फी आईने अंडी विकून भरली. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात उबवणी केंद्रातून आणलेली वीस पिल्ले हगवण लागून आठवड्यात गेली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे झाले. खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले मात्र त्याच अंगणात धडधाकट होती. आई म्हणाली, "त्यांना माय नव्हती." मी कला शाखेचा विद्यार्थी, पण या वाक्याने मला विज्ञानाच्या कपाटापाशी नेले.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात जंतूंची वस्ती जवळजवळ नसतेच. आईची विष्ठा, माती टोचताना ती बसते. १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रन्टाला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना दिले, तर ती साल्मोनेला जंतूला दाद देईनात. उपकारक जंतूंनी जागा आधीच धरली होती!

पण या वस्तीवर पहारा कोणाचा? कोंबडीच्या शेपटीच्या बुडाशी, आतड्याच्या टोकाला, एक लहान पिशवी असते. इटलीच्या फाब्रिसियसने केलेले तिचे वर्णन १६२१ मध्ये छापले गेले. उपयोग मात्र सव्वातीनशे वर्षे कळला नाही. मग अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिकने काही पिल्लांची ही पिशवी काढून टाकली. तीच पक्षी चँग नावाच्या सहकाऱ्याने वर्गातील प्रात्यक्षिकासाठी नेले. लस टोचूनही त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होईनात! हे संशोधन १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. या 'बर्सा' पिशवीवरूनच प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना 'बी' पेशी म्हणतात, आपल्या शरीरातल्यासुद्धा.

यांतील काही पेशी आतड्याच्या भिंतीत ठाण मांडतात आणि 'आयजीए' नावाची प्रतिपिंडे आत सोडतात. ती जंतूंना चिकटून त्यांना भिंतीपासून दूर ठेवतात. कोणी कुठे आणि किती राहावे, यावर असा वचक राहतो. उलट जंतूंच्या सहवासाशिवाय हे पहारेकरीही नीट तयार होत नाहीत. पहिले काही दिवस पिल्लाचा स्वतःचा पहारा कच्चा असतो. तेव्हा आईने अंड्याच्या बलकात आणि पांढऱ्यात ठेवलेली प्रतिपिंडे हीच त्याची शिदोरी.

म्हणजे विकतच्या पिल्लांनाही मायेची शिदोरी मिळाली होती. मिळाला नव्हता तो तिचा सहवास. आमची पिल्ले कशाने गेली, हे कोणी तपासले नाही. हे सारे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग मी दुसरं काय म्हणत होते?"