रंग नसलेल्या काचेचे रंग

पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर तेलाचा तवंग येतो आणि त्यात मोरपिशी, जांभळे, सोनेरी रंग तरळतात. ‘कार्निव्हल ग्लास’चे जुने वाडगे असेच झळाळतात. ही झळाळी काचेत मिसळलेली नसते.

वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबून वाडगा घडवतात. तो तापलेला असतानाच त्यावर लोहाच्या किंवा कथिलाच्या क्षारांचा फवारा मारतात. त्यामुळे काचेवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. प्रकाशाचा काही भाग या थराच्या वरच्या बाजूवरून परततो, काही खालच्या बाजूवरून. परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्या की काही रंग उठून दिसतात, काही मावळतात. थराची जाडी किंवा बघण्याचा कोन बदलला की रंगही पालटतो.

टिफनी या काच-कलाकाराच्या महागड्या काचेचा हा स्वस्त अवतार अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७ च्या सुमारास बाजारात आणला.

आज संग्राहक असा वाडगा हाती आला की आधी उलटा करतात. तळाच्या कडेवर फवारा बसलेला नसेल, तर उजेडात धरून काचेचा मूळ रंग कळतो. ‘मॅरिगोल्ड’च्या नारिंगी झळाळीखाली सहसा साधी पारदर्शक काच निघते. तळाशी अधोरेखित ‘एन’ असेल तर माल नॉर्थवूड कंपनीचा. खूण नसेल तर जुने कॅटलॉग आणि जाहिराती धुंडाळून नक्षी जुळवावी लागते. नक्षीत कांगारू किंवा कूकाबरा पक्षी दिसला की माग ऑस्ट्रेलियाकडे वळतो. काही पेल्यांच्या बुडाशी तर रोमन लिपीत ‘जैन’ असं उमटलेलं असतं. ते बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्समध्ये बनलेले.