बालगृहात जाताना...

मुलाचा पहिला वाढदिवस, आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी किंवा आजीचं वर्षश्राद्ध. हॉलवर खर्च करण्यापेक्षा बालगृहातल्या मुलांना गोडधोड खाऊ घालू, असं आता अनेक घरांत ठरतं. विचार चांगलाच आहे. केक, फुगे, वह्या घेऊन मंडळी जातात, मुलं गाणी म्हणून दाखवतात, फोटो निघतात आणि दोन तासांनी गाडी परत फिरते. त्यानंतर मुलांच्या मनात काय चालतं, हे पाहायला मात्र कुणी थांबलेलं नसतं.

लगेच बिलगणारं मूल

अशा भेटीत बहुतेकांना एक अनुभव येतो. तीन-चार वर्षांचं एखादं मूल धावत येऊन बोट धरतं, मांडीवर बसतं, निघताना सोडत नाही. पाहुण्यांचे डोळे भरून येतात. ‘किती माया लावली हो!’ असं घरी येऊन सांगितलं जातं.

पण आपल्या घरातलं त्याच वयाचं मूल आठवून पाहा. अनोळखी माणूस दिसला की ते आधी आईच्या मागे लपतं, तिथून डोकावतं आणि मग हळूहळू पुढे येतं. कारण आपलं माणूस कोण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याला सांभाळणारे हात सतत बदलत राहिले, त्याला हा फरक शिकायलाच मिळत नाही. म्हणून काही मुलं समोर येईल त्याला बिलगतात. मानसतज्ज्ञ याकडे मायेची खूण म्हणून पाहत नाहीत, तर तुटलेल्या नात्यांची खूण म्हणून पाहतात. काही मुलं याच्या उलट वागतात. ती कुणाच्या जवळच जात नाहीत. कुणी उशीखाली पोळी लपवतं, कुणी मोठ्या आवाजाने दचकतं, कुणी दहाव्या वर्षीही अंथरूण ओलं करतं. हा हट्ट नाही आणि वाईट वळणही नाही. सोसलेलं दुःख शरीर अजून विसरलेलं नसतं.

खाऊच्या पलीकडचं

निराधार मुलांना आसरा देण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पुढे एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत डॉक्टर झाला. पंढरपूरला १८७५ मध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी बालकाश्रम सुरू झाला. पुढे प्रार्थना समाजाने तो चालवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसं गेली आणि कितीतरी मुलांचं घर एका रात्रीत नाहीसं झालं. त्या वेळी मदतीचे ट्रकच्या ट्रक आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने मात्र सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीला त्यांच्यासाठी केंद्र उभं राहिलं. पुढे मेळघाटातली आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलंही तिथे शिकली. ट्रकमधलं धान्य काही दिवसांत संपतं. मूल मोठं व्हायला मात्र वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं कुणीतरी सोबत राहावं लागतं.

पुण्यात येरवड्याला आणि लातूरला एसओएस बालग्राम आहे. तिथे एका घरात काही मुलं आणि त्यांची एक ‘आई’ राहते. मोठी-लहान मुलं भावंडांसारखी वाढतात. ही पद्धत हर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केली. रोमानियात बुखारेस्ट इथे २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासानेही हेच दाखवलं. संस्थांमधल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा अधिक सावरली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. मुलाला बरं करणारं औषध म्हणजे रोज दिसणारा तोच चेहरा.

मग आपण जाऊच नये का?

जरूर जावं, पण मुलांच्या सोयीने. आधी अधीक्षकांना फोन करा. शाळा, परीक्षा, झोपेची वेळ आणि नेमकी गरज विचारा. दिवाळीत मिठाईचे ढीग येतात आणि जूनमध्ये दप्तरं, चपला, आतले कपडे कमी पडतात, असं अनेकदा होतं.

‘तुझे आईबाबा कुठे आहेत?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. मुलाने आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका. सांत्वनाचं भाषण नको. आपल्या मुलांनाही हे घरून निघतानाच समजावून सांगा.

फोटो काढू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल अशी माहिती किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘पुन्हा येईन’ असं सहज म्हणू नका. आपण ते गाडीत बसताच विसरतो. मूल मात्र पुढच्या रविवारी फाटकाकडे बघत राहतं. येणं शक्य असेल तर महिन्यातला एक ठरलेला दिवस घ्या. गणित शिकवा, गोष्टी वाचा, सायकल दुरुस्त करायला शिकवा. वर्षभर तेच माणूस त्याच दिवशी येतंय, हे कळल्यावर मुलाचा विश्वास हळूहळू बसू लागतो.

घराजवळची मदत

बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात. अनेकांची आई असते, पण पोसण्याची ऐपत नसते. अशा एकल पालकांसाठी आणि मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना किंवा शेजारच्या आजींना तिचा अर्ज भरून देणं, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्यांच्यासोबत जाणं, हीसुद्धा मोठी मदत आहे. त्यामुळे एखादं मूल घरातच राहू शकतं. आणि एखादं मूल संकटात दिसलं, तर १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो आजच साठवून ठेवा.