आमच्या लॅपटॉपचा गुरुवार

आमच्या घरात गुरुवारचा उपास माझी आई करीत असे. तिच्या पश्चात तो कोणी चालविला नाही, असा २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत माझा समज होता. त्या पावसाळ्यात ध्यानात आले की, आमचा लॅपटॉप तो उपास अगदी कडकडीत पाळतो. आठवड्याचे सहा दिवस त्याला इंटरनेट भरपूर चाले. गुरुवारी दुपारी मात्र तो तोंड मिटून बसे.

गुरुवारी दुपारी मी काय करीत होतो, ते आधी सांगितले पाहिजे. माझी थोरली बहीण नागपूरला असते. त्या वर्षी तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे वाचायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. जिला पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकवत नाही, तिची अवस्था काय झाली असेल! गुरुवारी दुपारी मला कॉलेजात तास नसतात. मी म्हटले, "ताई, दर गुरुवारी बारा वाजता मी तुला कादंबरी वाचून दाखवीन." भाच्याने तिच्यापुढे लॅपटॉप मांडून दिला, इकडे पुण्यात मी माझा उघडला, आणि एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीचे वाचन सुरू झाले. मोबाईलवर का नाही, असे कोणी विचारील. ती कादंबरी एका हातात धरून पाहावी म्हणजे उत्तर मिळेल.

पहिल्याच बैठकीत घोडदळ नदी उतरत होते आणि ताईचा चेहरा पडद्यावर थिजला. पुन्हा जोडले; पाच मिनिटांत पुन्हा तेच. नवल असे की, कोपऱ्यातले वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसे, पण आतून काही येत नसे. दुसरा गुरुवार तसाच गेला, तिसराही. चौथ्या गुरुवारी ताई म्हणाली, "अरे, तुला कामं असतात. मधेच उठावं लागत असेल तर तसं सांग. माझं काही अडलेलं नाही." या 'अडलेलं नाही'चा अर्थ ज्यांना थोरली बहीण आहे त्यांना उलगडून सांगायला नको.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दाचे मूळ शोधण्यात माझी हयात चालली आहे, पण बिघाडाचे मूळ शोधायची वेळ आली की माझी बुद्धी सरळ दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. इंटरनेट पुरविणाऱ्या मंडळींकडे मी तक्रार नोंदविली. एक विशी-बाविशीचा मुलगा आला. तो यायचा संध्याकाळी, आणि संध्याकाळी सारे सुरळीत. डॉक्टर आला की ताप उतरावा, तसा प्रकार. तीनदा आला, तीनदा राउटर तपासला. तिसऱ्या खेपेस तो नम्रपणे म्हणाला, "सर, पुढच्या वेळी बंद पडलं की त्याच वाय-फायवर मोबाईल चालतो का, तेवढं बघाल? मोबाईल चालला तर दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये." माझा लॅपटॉप दोन वर्षांपूर्वीचा, चांगला किमती. मला तो अपमान वाटला. मी 'अहो'वरून 'अरे'वर आलो, आणि त्याच रात्री त्याच्या वरिष्ठांना दोन पानी पत्र धाडले. पत्र भाषेच्या दृष्टीने उत्तम उतरले होते, हे आज सांगताना लाज वाटते.

घरातही मते होतीच. सौभाग्यवतींच्या मते मधली भिंत जाड होती. शेजारच्या काकांनी मायक्रोवेव्हवर संशय घेतला. म्हणून एका गुरुवारी मी राउटरच्या अगदी पायाशी, दिवाणखान्यात सतरंजीवर बसून वाचले. लॅपटॉपने उपास मोडला नाही.

उलगडा झाला तो फ्रीजमुळे. पुण्यात गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार. त्या पावसाळ्यात आमच्या भागात काम निघाले होते आणि दुपारी दोन-तीन तास वीज हमखास जाई. आमचे दिवे, पंखे आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, त्यामुळे वीज गेल्याचे फारसे जाणवतही नाही. एका गुरुवारी ताईचा चेहरा असाच थिजलेला. मी पुस्तक मिटून बसलो होतो. इतक्यात वीज आली. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरला, आणि पडद्यावर ताईची मान हलली!

राउटर इन्व्हर्टरवर होता, पण माझ्या टेबलाजवळचा प्लग नव्हता. म्हणजे गुरुवारी लॅपटॉप बॅटरीवर चाले. संध्याकाळी मी मुद्दाम चार्जर उपसला. काही मिनिटांतच इंटरनेट अडखळले. शेजारी ठेवलेला मोबाईल त्याच वाय-फायवर खुशाल चालत होता. चार्जर लावला, लॅपटॉप सावरला. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच. भिंतही निर्दोष, काकांचा मायक्रोवेव्हही निर्दोष. आणि तो मुलगा? पण ते पुढे.

अकरावीतल्या माझ्या कन्येने मग मला हे शास्त्र समजावून दिले. लॅपटॉपमधला वाय-फायचा भाग म्हणजे एक लहानसा रेडिओ. तो सतत जागा राहिला तर बॅटरी खातो. म्हणून १९९७ साली निघालेल्या ८०२.११ या मूळ मानकातच त्याला डुलकी काढण्याची मुभा दिली आहे. पूर्वी चाळीत वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे टपाल खालचा वाणी ठेवून घेई, तसे हे आहे. रेडिओ राउटरला सांगतो, "मी जरा पडतो, माझे काही आले तर ठेवून घ्या." राउटर सामान्यतः सेकंदाला दहाएक वेळा पुकारा करतो आणि कोणाकोणाचे टपाल आले आहे ते त्यात सांगतो. रेडिओ तेवढ्यापुरता डोळे उघडतो, आपले असेल तर मागून घेतो. वाणी इमानी असेल तर सारे ठीक. पण काही राउटरांना हा व्यवहार नीट साधत नाही. टपाल रेंगाळते किंवा गहाळ होते. बॅटरीवर असताना असे घडू शकते, हे मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या काळातच लिहून ठेवले होते. चार्जर लावलेला असला की रेडिओला बहुधा झोपू देत नाहीत, म्हणून तेव्हा काही कळत नाही.

उपाय पाच मिनिटांचा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडायचे, चालू योजनेच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंग्जमध्ये जायचे, आणि 'वायरलेस ॲडॅप्टर सेटिंग्ज'खाली 'पॉवर सेव्हिंग मोड' पाहायचा. माझ्याकडे चार्जरवर 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' होते आणि बॅटरीवर 'मीडियम पॉवर सेव्हिंग'. दोन्हीकडे पहिले केले. दुसरी जागा 'डिव्हाइस मॅनेजर'मधली: तिथे वाय-फाय ॲडॅप्टरवर दोनदा टिचकी मारून 'पॉवर मॅनेजमेंट'च्या पानावर वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी असते. तिच्यापुढची खूण काढून टाकली. काही नव्या लॅपटॉपांत ही पाने दिसतच नाहीत. तिथे बॅटरी सेव्हर बंद ठेवावा, 'पॉवर मोड' 'बेस्ट परफॉर्मन्स'वर न्यावा, आणि लॅपटॉप बनविणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर घ्यावा. बॅटरी थोडी लवकर उतरते, नाही असे नाही. मी पडद्याचा उजेड जरा मंद करतो आणि भरपाई करून घेतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन लावला. दुसऱ्याच कोणी उचलला. "त्याला तिकडे हडपसरला टाकलाय, सर. तुमच्या भागातून तक्रार आली होती ना." मी त्या वरिष्ठांना दुसरे पत्र लिहिले. या वेळी अवघ्या चार ओळींचे: दोष माझ्या लॅपटॉपचा होता, मुलाने तो मला नेमका दाखवून दिला होता, मी ऐकले नाही. उत्तर आले, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." मुलाचा नंबर मिळविण्यास आणखी पंधरा दिवस गेले. मी क्षमा मागितली. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "मोबाईल चालला होता ना, सर?" मी हो म्हटले. तो अजून हडपसरलाच आहे. घरून जायला त्याला तासभर लागतो.

त्यानंतरच्या गुरुवारी बाराला वीज गेली. मी बॅटरीवरच लॅपटॉप उघडला आणि ताईला सगळी हकिकत सांगू लागलो: राउटर, डुलकी, वाणी, टपाल. तिने निम्म्यातच हात वर केला.

"ते राहू दे. घोडदळ अजून पाण्यातच आहे," ती म्हणाली. "वाच."